तुमचं अनुमोदन राहिलं, सर

सर, तुमच्या श्रद्धांजलीचा ठराव एकमताने मंजूर झाला. जानेवारीतला शेवटचा रविवार, दुपारी तीन वाजता, झूमवर. अध्यक्षांनी ठराव वाचला, दोन मिनिटं सगळ्यांनी माना खाली घातल्या, मग नोंदीसाठी म्हणून पडद्यावर ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोन चौकोन आले. माझ्या नवऱ्याने, महेशने, आमच्या घरातर्फे ‘होय’ दाबलं. मी त्याच्या शेजारी, त्याच सोफ्यावर बसले होते. मला कुणी विचारलं नाही. विचारायचा प्रश्नच नव्हता. आपल्या मराठी मंडळाच्या घटनेप्रमाणे मला मत नाही, आणि त्या घटनेचा नवा मसुदा तुम्ही लिहिलाय.

तुम्ही असतात तर आधी हसला असतात, मग चष्मा काढून पुसत बसला असतात. उत्तर द्यायचं नसलं की तुम्ही तेच करायचात. हे मला उशिरा कळलं.

मंडळाच्या स्मृतिअंकासाठी माझ्याकडेही लेख मागितला होता. आपले सचिव संदीप फोनवर म्हणाले, “वहिनी, तुम्ही सरांच्या लाडक्या विद्यार्थिनी. चार गोड आठवणी लिहा. जरा पॉझिटिव्ह ठेवा.” मी तीन वेळा लिहायला बसले आणि तिन्ही वेळा तुमच्याशी भांडण सुरू झालं. शेवटी त्यांना नाही म्हणून कळवलं आणि ठरवलं, भांडूनच घेते. आपलं भांडण तसंही अर्धं राहिलंय, आणि ते अर्धवट सोडून गेलात तुम्ही, मी नाही.

आठवतंय ना कसं सुरू झालं? तुम्ही आणि काकू सहा महिन्यांसाठी लेकीकडे, अनघाकडे, इथे डब्लिनच्या सिटीवेस्ट भागात आला होतात आणि करोनात विमानं बंद पडल्यावर इथेच अडकलात. साताऱ्याच्या कॉलेजात तीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस. समोर वर्ग नाही म्हणून कासावीस झालेला. सत्तरीला दोन वर्षं कमी म्हणून तुम्हाला घरात कोंडून घ्यायची सक्ती नव्हती. मे महिन्यात बाहेर चार माणसांनी लांबून भेटायला परवानगी मिळाली, त्या आठवड्यात अनघाने मला विचारलं, “बाबांना जरा तळ्यापर्यंत घेऊन जाशील का? ते भिंतींना शिकवायला लागलेत.”

माझी प्लँटमधली सकाळची शिफ्ट तीनला संपायची. औषधांच्या गोळ्या तपासायच्या, आकडे भरायचे, घरी येऊन आंघोळ, आणि चारला तुम्ही बिझनेस कॅम्पसच्या तळ्यापाशी उभे. मिटलेली छत्री माझ्याकडे रोखून म्हणायचात, “हे अंतर. याच्या आत यायचं नाही.” छत्री दोन मीटर नसते असं मी सांगितलं तर म्हणालात, “छत्री एक, माझा हात एक, आणि तुझा हट्ट. झाले दोन मीटर.”

त्या दिवसांत अमेरिकेतली माणसं रस्त्यावर उतरली होती. टीव्हीवर रोज तेच. मी तुम्हाला विचारलं, “सर, हे सुरू कुठून झालं?”

“जहाजांपासून,” तुम्ही म्हणालात. “पण कागदावर कुठून सुरू झालं ते विचारत असशील, तर मोजणीपासून.”

आणि मग तळ्याच्या तीन फेऱ्यांत तुम्ही मला १७८७ चा उन्हाळा सांगितलात. फिलाडेल्फिया. तेरा राज्यांपैकी एकाने पाठ फिरवलेली, बाकीच्या बारांचे प्रतिनिधी एका दालनात, बाहेर बातमी जाऊ नये म्हणून बंद खिडक्या. “आपल्यापेक्षा वाईट लॉकडाऊन,” तुम्ही म्हणालात. नव्या देशाच्या सभागृहात कोणत्या राज्याला किती जागा, यावर भांडण. लोकसंख्येप्रमाणे द्यायच्या हे ठरलं. मग लोकसंख्या म्हणजे कोण? दक्षिणेच्या राज्यांत शेतमळ्यांवर लाखो गुलाम. त्यांना विकता यायचं, फटके मारता यायचे, त्यांची पोरं तोडून दुसऱ्या गावी पाठवता यायची. पण जागा मोजायची वेळ आली तेव्हा दक्षिणवाले म्हणाले, ही माणसंच आहेत, पूर्ण मोजा.

“आणि उत्तरेचा युवर मॅन उठला,” तुम्ही सांगत होतात. ‘युवर मॅन’, म्हणजे इथल्या बोलीत ‘तो अमका’, तुम्ही आपल्या पोस्टमनकडून उचललं होतं आणि इतिहासातल्या प्रत्येकाला लावायचात. “म्हणाला, ती तुमची मालमत्ता असेल, तर आमचे घोडे आणि गुरंही मोजा.”

“मग?”

“मग तडजोड. पाच गुलाम म्हणजे तीन माणसं.”

मी म्हटलं, “म्हणजे पाच जणांत मिळून तीन मतं.”

तुम्ही थांबलात. छत्री जमिनीला टेकवलीत. “नाही. शून्य मतं. त्या तीनचं वजन त्यांच्या मालकाच्या पारड्यात.”

मी चार पावलं गेले आणि मागे वळले. “म्हणजे ज्याच्याकडे गुलाम जास्त, त्याचा आवाज मोठा? त्यांच्याच डोक्यांवर जागा घ्यायच्या आणि त्यांच्याच विरुद्ध कायदे करायचे?”

“बाई,” तुम्ही म्हणालात, “एवढं कळायला माझ्या एम. ए.च्या पोरांना एक टर्म लागायची.”

तो आठवडा मी जमिनीवर नव्हते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील मार्केट यार्डात हमाल, आई म्हशी राखायची. बी. एस्सी.चं सर्टिफिकेट घरी आणलं तेव्हा ते कुठे ठेवायचं यावरच घरात बैठक झाली होती, कारण तसला कागद ठेवायला जागाच केलेली नव्हती. त्यामुळे कुणी प्रोफेसर माणूस आपल्याला हुशार म्हणाला की ते मी विसरत नाही. ते खोटं नव्हतं एवढं तरी सांगायला तुम्ही हवे होतात.

आणि मला का चटकन कळलं, तेही मी तुम्हाला सांगितलं होतं. गावच्या दूध संस्थेत आमच्या घरच्या म्हशी मोजल्या जायच्या. धार काढायची आई, चारा आणायची आई, भल्या पहाटे केंद्रावर कॅन पोचवायची आई. सभासद वडील. निवडणूक आली की पुढारी घरी येऊन आईच्या हातचा चहा पिऊन वडिलांशी बोलून जायचे. तुम्ही म्हणालात, “हे लिही. इतिहास असाच लिहायचा असतो, आपल्या दारातून.” तर लिहितेय.

जूनमध्ये तुम्ही मला मसुदा वाचायला शिकवलंत. अमेरिकेच्या त्या घटनेतलं कलम कागदावर लिहून आणलं होतं, खाली मराठी. “काय लिहिलंय ते नंतर बघ. आधी कोणता शब्द टाळलाय ते शोध.” मी दोनदा वाचलं. त्यात स्वतंत्र माणसं होती, ठरावीक वर्षांच्या करारावर राबणारी होती, आणि शेवटी ‘इतर सर्व व्यक्ती’ होत्या.

“गुलाम हा शब्द नाही,” मी म्हटलं.

“कुठेच नाही. वीस वर्षं गुलामांचा व्यापार बंद करता येणार नाही हे लिहिलं, पळालेल्याला धरून परत द्यायचं हे लिहिलं, पण शब्द नाही. लाज होती त्यांना. पूर्ण नव्हती, तेवढी होती. लाजेचा माणूस शब्द टाळतो, काम टाळत नाही.”

हे तुमचं वाक्य आहे, सर. माझ्या वहीत तुमच्या नावाने लिहिलेलं आहे.

मग गणपती आले आणि आपलं मंडळ फाटायला आलं. एरवी एकच हॉल, एकच मूर्ती, सगळं डब्लिन तिथे. त्या वर्षी सगळं ऑनलाइन, मग प्रत्येक भागाने आपापली आरती लावली आणि तिन्हींचीही वेळ एकच निघाली. सिटीवेस्टची, सँट्रीची आणि ग्रँड कॅनाल डॉकची. त्यावरून व्हॉट्सॲपवर जे सुरू झालं ते आरतीवरून थेट कार्यकारिणीतल्या जागांवर गेलं. डॉकवाले बहुतेक एकटे, कंपन्यांत काम करणारी तरुण मुलंमुली. आपल्या सिटीवेस्टला भरलेली घरं, बायका, आलेले आईवडील. भागवार जागा द्यायच्या ठरल्या तेव्हा संदीप म्हणाले, माणसं मोजा, सगळी. आणि डॉकच्या ऋतुजाने लिहिलं, “ज्यांना तुम्ही मत देत नाही त्यांना मोजता कशाला?”

कारण आपल्या मंडळात एका घराला एकच मत. फॉर्मवर वर ‘मुख्य सभासद’, खाली ‘अवलंबित’. लॉकडाऊनमध्ये महेश घरात बसून काम करत होता आणि मी रोज मास्क लावून प्लँटवर जात होते, तरी त्या फॉर्मवर मी अवलंबित. आदल्या वर्षी मी इथल्या काउन्सिलच्या निवडणुकीत मत दिलं होतं. पासपोर्ट भारताचा, तरी शाळेच्या हॉलमध्ये पेन्सिलने उमेदवारांपुढे एक, दोन, तीन लिहून आले होते, बाहेर आल्यावर गार्डाने, इथल्या पोलिसाने, दार धरलं होतं. आयरिश माणसाला माझं मत चाललं, आणि माझ्याच माणसांच्या मंडळाला चालेना.

ऋतुजाचं वाक्य वाचून मी तळ्यावर पळतच आले. “सर, हे तर तेच झालं.”

“तेच,” तुम्ही म्हणालात. तुमचे डोळे चमकले होते, मला आठवतंय. “ठराव मांड. अठरा वर्षांवरच्या प्रत्येक माणसाला एक मत. जागाही त्यावरच. भांडणच संपलं.”

“मला मत नाही. मी कसा मांडू?”

“मांडायला मत लागत नाही, तुमच्या नियमात तसं कुठे लिहिलंय? तू सूचक. अनुमोदक मी.”

तुम्हाला मत होतं. तुम्हीही अनघाच्या फॉर्मवर ‘अवलंबित’च होतात, पण प्रोफेसर म्हणून मंडळाने तुम्हाला मानद सभासद केलं होतं. काकूंना नाही. तेव्हा ते मला दिसलंच नाही. मी काकूंचं नावसुद्धा घेतलं नाही. हा माझा दोष, तो मी माझ्याकडे ठेवते.

मग तुम्हाला घटना समितीचे अध्यक्ष केलं. मला वाटलं, बरं झालं.

ऑक्टोबरातली ती सभा मी विसरायचा खूप प्रयत्न केलाय. मी साडी नेसले होते, झूमवर कंबरेच्या वरचं दिसतं तरी पूर्ण साडी. ठराव चार ओळींचा. मी तो नीट वाचला. संदीप म्हणाले, “कुणाचं अनुमोदन?”

चाळीसेक चौकोन. मी तुमच्या चौकोनाकडे बघत होते. तुम्ही चष्मा पुसत होतात. मला वाटलं, नेहमीचा घोळ, बटण दाबायचं राहिलं असेल. म्हणून मी सगळ्यांसमोर, हसत म्हणाले, “सर, तुम्ही म्यूटवर आहात.”

तुम्ही वर बघितलंत. “नाही, मी म्यूटवर नाही,” तुम्ही म्हणालात. आवाज स्वच्छ येत होता. “माझा एक वेगळा मसुदा आहे. दोन्ही बाजूंना मान्य होईल असा.”

आणि तुम्ही वाचलंत. मी ऐकत नव्हते. नंतर ईमेलवर मसुदा आला तेव्हा वाचला. तुम्ही शिकवलं तसा वाचला. आधी टाळलेला शब्द शोधला. ‘जागांच्या वाटपासाठी मुख्य सभासदांची गणना पूर्ण व इतर कुटुंबीयांची गणना निम्मी धरावी.’ अवलंबित हा शब्द गेला होता. मत हा शब्द नव्हता. इतर कुटुंबीय होते.

लाज होती तुम्हाला. पूर्ण नव्हती, तेवढी होती.

सिटीवेस्टला नऊपैकी पाच जागा मिळाल्या. डॉकवाल्यांनी कुरकुर करत मान्य केलं. अध्यक्ष म्हणाले, “सरांमुळे मंडळ वाचलं.” लोकांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. महेश माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “अगं, मी तुला विचारूनच मत देईन ना.” तो मनापासून म्हणाला. माझे वडीलही आईला विचारायचे, कधी कधी.

आठवड्याने मी तळ्यावर आले. शेवटचीच. तुम्ही छत्री रोखली नाहीत, मीच लांब थांबले.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हटलं.

“माहीत होतं म्हणूनच. मंडळ फुटलं असतं, बाई. संदीप आणि मंडळी वेगळी होणार होती, मला फोन आले होते. तुझा ठराव पडला असता आणि मंडळही गेलं असतं. आत्ता एक पाऊल घे. पुढच्या वर्षी दुसरं.”

“हे तर फिलाडेल्फियातल्या लोकांनी म्हटलं होतं.”

“आणि ते चूक होते असं मी तुला कधी सांगितलं? देश मोडला असता तर दक्षिण वेगळी झाली असती आणि तिथे गुलामगिरीला कुणी हात लावला नसता. तू मला दुसरा रस्ता दाखव.”

मला रस्ता दाखवता आला नाही. अजूनही येत नाही. मग तुम्ही वातावरण हलकं करायला गेलात. म्हणालात, “आणि हे बघ, मी तीन पंचमांश नाही केलं. निम्मं केलं. वेगळं आहे.”

“निम्मं कमी असतं सर,” मी म्हटलं. “तीन पंचमांशापेक्षा.”

त्यावर तुमचा चेहरा बदलला. सहा महिन्यांत पहिल्यांदा तुम्ही माझ्याशी वर्गातल्या आवाजात बोललात. “मंडळाच्या मताची तुलना गुलामगिरीशी करतेस? माणसं साखळदंडात मेली तिथे. तुला जरा तरी वाटतं का काही?”

वाटलं. त्या क्षणी मला खरंच शरम वाटली आणि मी घरचा रस्ता धरला. घरी येऊन प्रेसमधले, म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटातले, डबे उगाच काढून परत लावले आणि तेव्हा लक्षात आलं, तुम्ही काय केलंत. तुलना मी एकटीने नव्हती केली, सर. ‘तेच’ हा शब्द तुम्हीही उच्चारला होतात, डोळे चमकवत. त्यांच्या बेड्या मी माझ्या पायात घालून मिरवत नाही, मला माझी पायरी कळते. त्यांनी जे भोगलं त्याच्या नखाचीही सर माझ्या दुखण्याला नाही. पण मोजणीची रीत तीच होती, आणि ती तुम्हीच मला दाखवली होतीत. दुसऱ्या कुणी केली असती तर अडाणीपणा म्हणून सोडून दिलं असतं. संदीपला मी अजूनही नमस्कार करते. त्याला कुठे माहीत होतं?

आणि एक गोष्ट तेव्हा सुचली नाही, ती आता सांगते. फिलाडेल्फियातल्या त्या दालनात ज्यांची मोजणी चालली होती त्यांतलं कुणी समोर बसलेलं नव्हतं. त्यांना विचारायचंच नाही असं ठरवून दार लावलं होतं. मी तुमच्या समोर होते. साडी नेसून, हात वर करून. तुम्ही मला ‘म्यूटवर नाही’ म्हणालात. रस्ता नव्हता म्हणता, तर अनुमोदनाचे तीन शब्द होते. ठराव पडला असता तर पडला असता, पण तुम्ही माझ्या बाजूने हरला असतात. मला त्यापेक्षा जास्त काही नको होतं.

नोव्हेंबरात तुमचे दोन मेसेज आले. ‘तळ्यावर हंस आलेत’ आणि नंतर ‘रागावलीस?’ मी उत्तर दिलं नाही. डिसेंबरात दाराला एक पिशवी अडकवलेली मिळाली. आत काकूंनी केलेल्या चकल्या आणि तुमची वही, अमेरिकेची. साठेक पानांची, वर तुमच्या तिरक्या अक्षरात नाव. चकल्या खाल्ल्या, त्या काकूंच्या होत्या. वही उघडली नाही.

जानेवारीत सगळीकडे एकदम वाढलं. अनघाच्या घरात आधी धाकटीला झालं, मग सगळ्यांना, आणि हॉस्पिटलात एकटे तुम्ही गेलात. ग्रुपवर सगळ्यांनी ‘लवकर बरे व्हा सर’ लिहिलं, हात जोडलेल्या चित्रासकट. मीही तेच लिहिलं, तेच चित्र लावलं. तुमच्याशी मी एकदाच खोटं वागले असेन तर ते तेव्हा. खरं लिहायचं होतं की उठा, मला अजून भांडायचंय. आजारी माणसाला असं कुठे लिहायचं म्हणून नाही लिहिलं. तुम्हाला ते आवडलं असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

अंत्यविधीला दहा माणसांची परवानगी. घरचे पाच: अनघा, जावई, दोन मुली, काकू. उरलेल्या पाच जागा अनघाने मंडळावर सोडल्या, तिची विचार करायची स्थिती नव्हती. मंडळाने त्या भागवार भरल्या, सर. सिटीवेस्टचे तीन, डॉकचा एक, सँट्रीचा एक. तुमच्याच सूत्राने, पूर्णांकात. मी घरी लॅपटॉपवर बघितलं. भिंतीवर वर कुठेतरी लावलेला एकच कॅमेरा, आवाज नाही, पाठमोरी माणसं. संदीपच्या कोटावर मागे लाँड्रीची चिठ्ठी तशीच होती. मला हसू आलं आणि शेजारी बघितलं, कारण अशी गोष्ट मी तुम्हालाच सांगितली असती.

त्यानंतर एकमताचा तो ठराव.

फेब्रुवारीत एका दुपारी दाराची बेल वाजली. काकू. पायात अनघाचे बूट, डोक्याला स्कार्फ, हातात तुमची छत्री. “चल,” म्हणाल्या, “ह्यांच्या तळ्याला एक फेरी मारू. घरात मला बसवत नाही.”

दुसऱ्या फेरीत त्यांनी विचारलं, “तुमचं काय बिनसलं होतं गं? हे सांगायचे नाहीत. रोज चारला खिडकीत उभे राहायचे, मग म्हणायचे, आज नाही जात.”

मी सांगितलं. सगळं, ठरावापासून निम्म्यापर्यंत. काकू ऐकत चालल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे मला मत नव्हतं?”

“नाही काकू.”

“मला वाटायचं आहे. ह्यांच्या शेजारीच बसलेली असायचे ना सभेला. हे बटण दाबायचे, मला वाटायचं दोघांचं मिळून दाबतात.” थोडं चालून म्हणाल्या, “आणि मोजलं मात्र होतं?”

“निम्मं.”

“कुणाच्या बाजूला?”

“सिटीवेस्टच्या.”

“हं,” त्या म्हणाल्या. तुम्ही त्यांना बेचाळीस वर्षं ओळखत होतात, त्या ‘हं’चा अर्थ तुम्हाला कळला असता.

त्या दिवशी घरी जाऊन मी तुमची वही उघडली. उत्तर शोधत होते, हे कबूल करते. माफीची चिठ्ठी, समासातली एखादी ओळ, काहीतरी. नव्हतं. जहाजं होती, साखर आणि तंबाखू होता, फिलाडेल्फिया बारा पानं. ‘इतर सर्व व्यक्ती’ याखाली दोन रेघा मारल्या होत्या आणि पुढे लिहिलं होतं, ‘बाईने बरोबर पकडलं.’ तारीख जूनची. ऑक्टोबरनंतर एक अक्षर नाही. चौतीस पानं कोरी.

त्या वहीसाठी मी तुमची आभारी आहे. खरंच. एवढं शिकवून कुणी मला दिलं नव्हतं. म्हणून तर इतकं लागलं. ज्या हाताने वही दिलीत त्याच हाताने तो मसुदा लिहिलात. यातलं एक धरून दुसरं सोडून देता आलं असतं तर स्मृतिअंकातला लेखही लिहून झाला असता.

पाडव्यानंतरच्या रविवारी वार्षिक सभा आहे. मी तोच ठराव पुन्हा मांडतेय, तेच चार ओळींचे शब्द. तुमच्या कोऱ्या पानांपैकी पहिल्यावर लिहून काढलाय. सूचक मी. अनुमोदक म्हणून ऋतुजाला विचारणार होते, तिला मत आहे. पण काल तळ्यावर काकू म्हणाल्या, “माझं नाव लिही.”

मी सांगितलं, काकू, तुम्हाला मत नाही, संदीप म्हणतील नियमात बसत नाही.

“नियमात तसं लिहिलंय कुठे?” त्यांनी विचारलं. तुमचाच प्रश्न, तुमच्याच सुरात. त्यांना ते माहीत नव्हतं. “बसत नाही असं त्यांनी सगळ्यांसमोर मला सांगू दे. ऐकू दे सगळ्यांना.”

ठराव पडेल, बहुतेक. मंडळ फुटेल की नाही माहीत नाही. मी त्यांचं नाव लिहिलं. पूर्ण नाव, तुमचं मधे घालून.

मग त्यांनी विचारलं, “अनुमोदन देताना म्हणायचं काय असतं?”

“‘माझं अनुमोदन आहे.’ एवढंच.”

त्यांनी ते तळ्याच्या काठाने चालत दोनतीनदा म्हणून बघितलं, आधी हळू, मग जरा मोठ्याने. समोरून कुत्रं घेऊन येणारा म्हातारा आयरिश माणूस हसून “ग्रँड”, म्हणजे छान, म्हणाला, काय चाललंय ते न कळता. काकूंनी त्याला मान हलवली. मग छत्री या हातातून त्या हातात घेत मला विचारलं, “एवढंच ना? मग ह्यांना का नाही म्हणता आलं गं?”